नागाळा पार्कातलं गॅरेज: रॅक, कपाटं आणि भिंतीवरची रेघ

घर कोल्हापुरात, नागाळा पार्कच्या खालच्या अंगाला आहे. माणसं चार: दादा, वहिनी, कॉलेजात जाणारा मुलगा आणि दादांच्या आई, ज्यांना सगळी गल्ली आक्का म्हणते. शेती करवीर तालुक्यात, सगळा ऊस. गॅरेज बंगल्याला जोडून आहे, आतून 10 फूट 6 इंच रुंद आणि 19 फूट लांब. पुढं रोलिंग शटर, उजव्या भिंतीत घरात जायचं दार. गाडी चार मीटरच्या आतली, पण उंच बांध्याची. गॅरेजची मांडणी करायला मला बोलावलं तेव्हा दादांचं म्हणणं एवढंच होतं, "सामान सगळं जमिनीवर पडलंय, गाडी रोज बाहेर उभी करायला लागत्या. कपाटं करून टाकूया."

कपाटं कसली, हेही त्यांनी मनात पक्कं केलं होतं. एका शोरूममध्ये त्यांनी मॉड्युलर युनिट बघितलं होतं. राखाडी लॅमिनेट, हळूच मिटणारी दारं, सगळं आत, बाहेर एक खिळा दिसायचा नाही. मोबाइलमध्ये त्याचा फोटो होता आणि त्या फोटोत एकही घमेलं नव्हतं. अशा फोटोंचा मला जरा रागच आहे. ज्या गॅरेजात सामानच नाही, तिथं कुठलंही कपाट शोभतं.

आक्कांना कपाटच नको होतं. त्यांना कडाप्पा हवा होता, माळ्यावर असतो तसा, भिंतीत घट्ट बसवलेला. "फळी फुगत्या, पत्रा गंजतोय. दगडाला काय होतंय?" असा त्यांचा सवाल होता. मुलाला फुटबॉलचे बूट वाळायला जागा पाहिजे होती, बाकी कशात त्याला रस नव्हता.

या सगळ्यांच्या आधी मला विचारात घ्यावी लागली ती समोरची भिंत. गाडीचं तोंड जिच्याकडं येतं त्या भिंतीवर, जमिनीपासून साडेतीन फुटांवर, रंगाखालून एक तपकिरी रेघ अजून डोकावते. तिच्या जरा खाली दुसरी, फिकट. खालची 2019 च्या ऑगस्टची, वरची 2021 च्या जुलैची.

कोल्हापुरात पावसाळ्यात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी लोक क्रिकेटच्या स्कोअरसारखी विचारतात. 39 फूट म्हणजे इशारा, 43 फूट म्हणजे धोका. 2019 ला पंचगंगा 55 फुटांच्या वर गेली, 2021 ला 56 च्या वर. नदी एवढी भरली की शहरातल्या नाल्यांना पुढं वाट राहत नाही, पाणी मागं फुगत येतं. नागाळा पार्क, रमणमळा, दुधाळी, शाहूपुरीतली कुंभार गल्ली या भागांना ते दोन्ही वेळा भोवलं. म्हणजे इथलं गॅरेज रचताना पूर हा अपवाद धरून चालत नाही. तो मापात धरावा लागतो, गाडीच्या लांबीसारखाच.

सामान आधी, कपाट नंतर

कपाटाचं माप घेण्याआधी सगळं सामान अंगणात काढायला लावलं. दादा नाराज झाले. रविवार त्यातच गेला. पण दिसलं ते असं: पाठीवरचे फवारणी पंप, कोयते, खुरपी, पहार, टिकाव, घमेली, ठिबकच्या नळ्यांची वेटोळी, पाइपचे जोड, पाणी उपसायची मोनोब्लॉक मोटर, ड्रिल, ग्राइंडर, रंगाच्या अर्ध्या उरलेल्या बादल्या, थिनर, युरियाची दोन पोती, कीटकनाशकाच्या बाटल्या, इन्व्हर्टरची बॅटरी, तांब्याचे हंडे, एक मोठी काहील, गौरी-गणपतीची आरास, मखराचे भाग, शिडी, फुटबॉलचं सामान आणि आजोबांच्या तालमीतले दोन मुद्गल. शिवाय एक बंद पडलेला कूलर, ज्यावर घरात एकमत होईना. तो शेवटी भंगारवाल्याकडं गेला.

प्रत्येक वस्तूला दोनच प्रश्न लावले. भिजलं तर चालतं का? आणि उचलायला किती जड?

हे दोन प्रश्न सोपे वाटतात, पण त्यांची उत्तरं एकमेकांच्या विरोधात जातात, आणि या प्रकरणाची खरी गाठ तिथंच होती. पूर म्हणतो, किमती सामान वर ठेवा. रॅकचा तोल म्हणतो, जड सामान खाली ठेवा. बाजारातला कुठलाही रॅक खाली जड आणि वर हलकं या हिशोबानं बनवलेला असतो. खालचे दोन कप्पे पुराच्या भीतीनं रिकामे ठेवून वर जड सामान चढवलं की तो डोकेजड होतो. कुणी तिसऱ्या कप्प्यावर हात टाकून चवड्यांवर उभं राहिलं की अंगावर यायला वेळ लागत नाही. कोयनेचे हादरेही इथं अधूनमधून जाणवतात, ही गोष्ट वेगळी.

वाटणी केल्यावर मात्र गाठ बरीचशी सुटली. कारण शेतकरी घरातलं जड सामान बहुतेक भिजलं तरी चालणारं असतं. पहार, टिकाव, कोयते, हंडे, काहील, पाइपचे जोड हे सगळं पाणी ओसरल्यावर धुऊन, पुसून, तेलाचा हात फिरवून परत वापरता येतं. हलकं सामानच जास्त नाजूक निघालं: आरास, कागद, कापड, ड्रिल, चार्जर. जड आणि नाजूक अशा दोन्ही यादींत सापडलेल्या वस्तू हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्याच होत्या: मोटर, ग्राइंडर, बॅटरी आणि मुद्गल. मुद्गल लाकडाचे, भिजले की चिरतात.

काही सामानाला गॅरेजमध्ये जागाच द्यायची नाही असं ठरलं. युरिया पहिला. आजकाल युरियाचं पोतं 45 किलोचं येतं. तो हवेतला ओलावा ओढून घेतो, पाझरतो आणि शेजारच्या लोखंडाला खातो. जुन्या रॅकचा एक पाय नेमका पोतं टेकायचं तिथंच कुरतडल्यासारखा झाला होता. युरिया आणि औषधाच्या बाटल्या शेतावरच्या खोलीत, कुलपात गेल्या. औषधांच्या बाबतीत आक्का ठाम होत्या. "नातवंडं सुट्टीला येत्यात. ते इख घरात नको, मी सांगतो." त्यांच्या पिढीतल्या कोल्हापुरी बायका स्वतःबद्दल असंच 'मी सांगतो, मी करतो' बोलतात आणि त्यावर कुणी उलट बोलत नाही.

बॅटरी जिन्याच्या पहिल्या वळणावर गेली. 150 अँपिअर-अवरची ट्यूब्युलर बॅटरी 50 किलोच्या पुढं भरते, रेघेच्या वर ठेवायची तर रॅकवर चढवावी लागली असती. शिवाय चार्ज होताना लेड-ॲसिड बॅटरीतून हायड्रोजन निघतो. शोरूमवाल्याच्या आराखड्यात तिला बंद कपाटाचा खालचा कप्पा दिला होता. पूर आला तर ती पहिली बुडणार आणि नाही आला तर कोंडलेल्या जागेत वायू साठणार. त्या एका चौकोनावरून मला कळलं की आराखडा काढणाऱ्यानं सामान बघितलेलंच नाही.

गाडीचं माप

गाडीची लांबी 157 इंच, रुंदी आरसे सोडून 70 इंचांच्या जरा वर. गॅरेज 126 इंच रुंद, म्हणजे दोन्ही बाजूंना मिळून 55 इंच उरतात. आपल्याकडं चालक उजवीकडं. गाडी तोंडानं आत घातली की उजव्या भिंतीकडं दार उघडून उतरायला 28 ते 30 इंच तरी मोकळे लागतात. डावीकडची माणसं बाहेरच उतरतात, म्हणून तिकडं आरसा मिटून थोड्या जागेत भागतं.

दादांचा बेत दोन्ही लांब भिंतींना कपाटं लावायचा होता. उजवीकडं कपाट आलं की दार उघडत नाही. डावीकडं आलं तर गाडी आत असताना कपाटाचं दार उघडत नाही. गाडी बाहेर काढल्याशिवाय हत्यार मिळणार नसेल तर चार दिवसांत हत्यारं परत जमिनीवर येतात. डावी भिंत तशीही 4 इंची, म्हणजे अर्ध्या विटेची. तिला जड कप्पे टांगणं बरं नव्हे. तिच्यावर फक्त शिडीचे हूक आणि काहिलीची खुंटी आली.

समोरची भिंत मात्र 9 इंची होती. लांबीचा हिशोब केला: 228 इंचांतून गाडीचे 157 गेले, मागं शटरपाशी 12 सोडले, पुढं 59 उरले. त्यात 18 इंच खोल रॅक बसवला तर माणसाला वावरायला 41 इंच राहतात. वाकून खालचा कप्पा काढता येतो, कपाटाचं दार पुरतं उघडतं. 24 इंच खोलीचा आग्रह झाला, पण गॅरेजात 24 इंच म्हणजे मागच्या रांगेतलं सामान कायमचं गेलं असं समजायचं. गाडी जास्त पुढं येऊन रॅकला भिडू नये म्हणून पुढच्या चाकासाठी जमिनीत रबरी अडणी बोल्ट केली. खर्च किरकोळ, पण ती नसती तर पहिल्याच महिन्यात बंपरनं रॅकचा पाय वाकवला असता.

तीन भाव

तीन ठिकाणांहून भाव आले.

मॉड्युलर युनिट सर्वांत महाग होतं. त्याचं अंग पार्टिकल बोर्डचं, वर लॅमिनेट. हा बोर्ड म्हणजे लाकडाचा भुसा आणि चिकट द्रव्य दाबून केलेली पाटी. कडेपट्टी उचकटली आणि पाणी शिरलं की कडा फुगते, आणि एकदा फुगली की वाळून परत बसत नाही. स्क्रूची पकड जाते. दादांनी विचारलं, मग 710 चं मरीन प्लाय घालूया का? तो पर्याय चांगला आहे. आयएस 710 च्या प्लायला 72 तास उकळत्या पाण्यात ठेवण्याची कसोटी असते, जोड सुटत नाही. पण पुराचं पाणी उकळलेलं नसतं, ते गाळाचं असतं. प्लाय टिकलं तरी बिजागऱ्या, सरकपट्ट्या, कुलपं यांत गाळ बसतो. बंद खोक्याच्या तळाला आणि पाठीला तो महिनाभर ओला राहतो. वाळवीला आणखी काय पाहिजे?

दुसरा भाव लक्ष्मीपुरीतल्या तयार स्लॉटेड अँगलच्या, म्हणजे ओळीनं भोकं पाडलेल्या काटकोनी लोखंडी पट्ट्यांच्या, रॅकचा. सर्वांत स्वस्त, त्याच दिवशी घरी येणारा, नटबोल्टचा, कप्पे हवे तसे वर-खाली करता येणारा. मला हा प्रकार मनापासून आवडतो आणि बहुतेक घरांना मी तोच सांगतो. इथं तो एका मापानं हुकला. वहिनींनी सामानासाठी झाकणाचे प्लॅस्टिक क्रेट ठरवले होते, 400 बाय 300 मिलिमीटरचे. तयार रॅकची रुंदी 36 इंच. समोरच्या दोन्ही अँगलच्या 40 मिलिमीटरच्या पट्ट्या वजा केल्या की तोंड जेमतेम 33 इंच उरतं. 300 मिलिमीटरचे तीन क्रेट शेजारी ठेवायचे तर 35 इंचांच्या वर लागतात. म्हणजे कप्प्याला दोनच क्रेट, बाकीची जागा वाया, आणि तीन रॅकचे कप्पे धरले तर हा तोटा एका रॅकएवढा होतो.

तिसरा भाव उद्यमनगरातल्या मिस्त्रींचा. कोल्हापूरची ही सोय मोठी आहे. फाउंड्री आणि मशीनशॉपच्या या गावात पत्रा कापणारा, वाकवणारा, पावडर कोटिंग करणारा (रंगाची पूड चिकटवून भाजणारा) सगळा माल एका गल्लीत मिळतो, आणि मिस्त्री इंचाला अडत नाहीत. त्यांनी 40 इंचांचे तीन रॅक सुचवले. तिन्ही मिळून 120, भिंत 126. तोंड पावणेसदतीस इंच, तीन क्रेट आरामात. भाव तयार रॅकच्या दुपटीच्या आसपास, मॉड्युलरच्या बराच खाली.

आक्कांचा कडाप्पा आम्ही सोडला नाही. सर्वांत खाली 6 इंच उंचीचा विटांचा ओटा आणि त्यावर कडाप्पा घातला. रॅकचे पाय त्या ओट्यावर, जमिनीवर नाही. गाडीवरून निथळणारं पावसाचं पाणी रोज जमिनीवर असतं, आणि पुरापेक्षा तेच रॅकचे पाय जास्त खातं.

पत्रा, घडी, भोकं

मिस्त्रींशी बोलणं झालं ते इथं जरा सविस्तर देतो, कारण भाव घेताना लोक फक्त "गेज किती?" एवढंच विचारतात.

गेजचा आकडा जितका लहान तितका पत्रा जाड. 22 गेज साधारण 0.7 मिलिमीटर, 20 गेज 0.9, 18 गेज 1.2. विक्रेता एक सांगतो आणि माल दुसरा निघतो, म्हणून व्हर्नियर (जाडी मोजायचं माप) लावून बघावं. रंगाच्या वरून नाही, कापलेल्या उघड्या कडेवर. पण कप्प्याची ताकद नुसत्या जाडीत नसते. सपाट पत्रा कितीही घेतला तरी मध्ये झोळ येतो. त्याच्या चारी कडा खाली वाकवून इंच-दीड इंचाची घडी केली, घडीचं टोक पुन्हा आत वळवलं, की तोच पत्रा ताठ होतो. खालून मधोमध एक आडवी पट्टी वेल्ड केली तर आणखी.

रॅकवर "100 किलो प्रति कप्पा" असं लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ 100 किलो सगळ्या कप्प्यावर सारखे पसरलेले. तेवढंच वजन मधोमध एका जागी ठेवलं तर वाकवणारा जोर दुप्पट होतो आणि झोळ 1.6 पट. रंगाची 20 लिटरची भरलेली बादली 25 किलोच्या पुढं जाते आणि ती नेमकी मधेच ठेवली जाते. रुंदी वाढवण्याची किंमतही असते. पत्रा तोच, एकूण वजन तेवढंच ठेवून कप्पा 36 वरून 40 इंच केला तर झोळ रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे सुमारे 1.37 पट. म्हणून आमच्या 40 इंची कप्प्यांना 20 गेजचा पत्रा, दुहेरी घडी आणि खालून दोन पट्ट्या घेतल्या. क्रेट तीन बसवायचे तर हे करावंच लागणार होतं.

उभे खांब चौकोनी पाइपचे करावेत, दिसायला देखणे, असं दादांचं मत पडलं. मिस्त्रींनी कोपऱ्यातून एका पूर आलेल्या दुकानाच्या रॅकचा कापलेला पाय आणून दाखवला. बाहेरून रंग जवळजवळ शाबूत. आत वाळलेला गाळ ठासून भरलेला, आणि गाळाच्या मागं लोखंड पापुद्र्यांनी सुटत होतं. बोटानं दाबलं तर भिंत आत गेली. "पाइप आतनं मरतंय साहेब," मिस्त्री म्हणाले, "अँगल उघडा असतोय, पाइप लावून धुतला की झालं." दादांनी तो तुकडा हातात फिरवून परत दिला आणि अँगलवर शिक्कामोर्तब झालं.

पावडर कोटिंगचं सांगायचं तर 60 ते 80 मायक्रॉनचा थर चांगला समजतात. पण थर कुठं मोजायचा, हे महत्त्वाचं. पावडर विजेच्या भारावर लोखंडाला चिकटते, आणि तो भार बाहेरच्या कडांकडं ओढला जातो. घडीच्या आतल्या कोपऱ्यांत पावडर नीट पोचत नाही. वरून चकचकीत कप्पा उलटा करून घडीच्या आत बॅटरी मारली की खरं कळतं. शिवाय कोटिंगच्या आधी तेल काढणं आणि फॉस्फेटिंग (रंग धरावा म्हणून द्यायचा फॉस्फेटचा थर) झालंय का, हे विचारावं. ते नसेल तर वर्षा-दोन वर्षांत रंग सालपटासारखा निघतो. सगळी भोकं कोटिंगच्या आधी पाडून घ्यायची, असं आम्ही लेखी ठरवलं होतं. ते सगळीकडं पाळलं गेलं नाही, त्याचं पुढं येतं.

भिंतीला बांधणं हा इथं सोयीचा भाग नव्हता, गरजेचा होता. प्रत्येक रॅक वरून दोन ठिकाणी अँकर केला. 9 इंची विटेत भोक विटेच्या मध्यावर पाडायचं, सांध्याच्या गिलाव्यात नाही. सांध्यात बसवलेला अँकर हातानं ओढला तरी येतो. रॅक आणि भिंत यांच्यामध्ये दीड इंचाची फट सोडली आणि पाठीला पत्रा लावलाच नाही. पुराचं पाणी प्यालेली भिंत दर पावसाळ्यात ओल सोडते, तिला वारा लागला पाहिजे.

जाळीचं कपाट

आता राहिलं दादांचं कपाट. त्यांची हौस उगाच नव्हती. ग्राइंडर, ड्रिल, कोयते उघड्यावर ठेवणं बरोबर नाही, नातवंडं येतात. रंग आणि थिनरही कुलपात हवा. पण थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खाली बसते, आणि घट्ट बंद कपाटात साचते. कोणी दार उघडून शेजारी ग्राइंडर चालू केला तर ठिणगीला तेवढं पुरतं. पेट्रोलचा कॅन तर कपाटात नाही, गॅरेजातच नाही, असं ठरलं.

तोडगा आक्कांनी काढला. "दुधाच्या कपाटागत जाळीचं करा की. मांजर जात नव्हतं आणि दूधबी नासत नव्हतं." जुन्या घरांत जाळीचं कपाट स्वयंपाकघरात असायचंच. मिस्त्रींना ते लगेच समजलं. मधल्या रॅकला समोरून वेल्डमेशची दोन दारं लागली, प्रत्येकी 20 इंचांची, आणि दोन्ही कुशींनाही जाळी. कुलूप लागतं, वारा खेळतो, आत काय आहे ते दिसतं, आणि गाळ आला तर पाइपानं धुता येतं. थिनर आणि रंग वेगळ्या कप्प्यात, हत्यारांच्या जवळ नाही. दादांना दार मिळालं. ते राखाडी रंगाचंच झालं.

कप्प्यांच्या उंचीची मांडणी रेघेवरून ठरली. कडाप्प्याचा ओटा 6 इंचांवर: पहार, टिकाव, घमेली, हंडे. पहिला कप्पा 26 इंचांवर: पाइपचे जोड, ठिबकच्या नळ्या, फवारणी पंप, फुटबॉलचे बूट. बुटांसाठी कुशीला हूक लावले, बाहेरून वारा लागतो. रेघ 42 इंचांवर, म्हणून दुसरा कप्पा 48 वर, सहा इंच जास्तीचे. तिथं हत्यारं, विजेचं सामान, मुद्गल. 66 वर क्रेट. 84 वर फक्त हलकं: आरास, मखर, थर्माकोलचे तुकडे. सगळे कप्पे बोल्टवर आहेत, वेल्ड केलेले नाहीत. नदीनं पुढं नवी रेघ काढली तर कप्पे सरकवता येतील.

मोटर आणि ग्राइंडर 26 इंचांवरच ठेवले. 48 इंच म्हणजे आक्कांच्या छातीएवढं, तिथून 15 किलोची मोटर उतरवणं कुणालाही धोक्याचं. त्यांच्यासाठी जाळीच्या दाराला आतून एक कागद प्लॅस्टिकमध्ये घालून लावला: राजाराम बंधारा 39 फूट झाला की मोटर, ग्राइंडर आणि फवारणी पंप वरच्या मजल्यावर. 43 ला गाडी राजारामपुरीत मामांकडं. आकडा जिल्हा प्रशासनाच्या रोजच्या संदेशात येतोच. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे किती उघडले, हे तर मोबाइल न बघताही शेजारून कळतं. 39 ते 43 मध्ये साधारण हाताशी वेळ असतो. 43 नंतर गल्लीत सगळेच एकदम धावपळ करतात आणि टेम्पो मिळत नाही.

पहिल्या पावसाळ्यानंतर

काम 2024 च्या उन्हाळ्यात उरकलं. त्या जुलैत नदीनं धोका पातळी ओलांडली, पण पाणी या गॅरेजात आलं नाही. त्यामुळं रेघेखालच्या मांडणीची खरी कसोटी अजून लागलेली नाही. कागद मात्र कामी आला. 39 झाल्याचा संदेश आल्यावर मुलानं एकट्यानं यादीतलं सामान वर नेलं, कुणाला विचारावं लागलं नाही.

दिवाळीच्या सुमारास जाऊन बघितलं तेव्हा चार-पाच बोल्टच्या भोवती तांबूस कड दिसत होती. ती भोकं जागेवर, कोटिंगनंतर पाडलेली. मिस्त्रींच्या माणसानं घाईत तसं केलं होतं. बोल्ट काढून, घासून, झिंकचा प्रायमर आणि वर रंगाचा हात दिला. ज्या भोकांना आधीपासून कोटिंग होतं तिथं एकही डाग नव्हता. इतका सरळ पुरावा एकाच रॅकवर शेजारी-शेजारी क्वचित मिळतो.

जाळीतून धूळ येईल ही दादांची तक्रार खरी ठरली. शहरातल्या रस्त्याची धूळ जाळीतून येते, हत्यारांवर बसते. क्रेटमधलं सामान स्वच्छ आहे, उघड्यावरचं नाही. यावर पडदा लावायचा विचार वहिनींनी बोलून दाखवला. मी तो लावू दिला नाही, कारण कापड ओल धरतं. त्यापेक्षा आणखी दोन क्रेट घ्यावेत. आणि 84 इंचांचा कप्पा आक्कांच्या हाताला येत नाही. गौरींच्या वेळी त्या खुर्चीवर चढल्या, हे कळल्यावर गौरीचं सामान 66 वर आलं आणि तिथले क्रेट वर गेले. वर्षातून एकदा लागणारं सामान वर, असं कागदावर बरोबर दिसतं. पण ते सामान काढणारी व्यक्ती सत्तरीची असेल तर हिशोब बदलतो.

एवढी मेहनत प्रत्येक गॅरेजला लागत नाही. राजारामपुरी किंवा उंचावरच्या कुठल्याही भागात, जिथं भिंतीवर पुराची रेघ नाही, तिथं लक्ष्मीपुरीतला तयार 36 इंची रॅक आणावा, पायाखाली कडाप्प्याचे तुकडे द्यावेत आणि वरून भिंतीला बांधावा. क्रेट रॅक बघून घ्यावेत, म्हणजे जागा वाया जात नाही. कुलूप लागणाऱ्या सामानासाठी जाळीचं दार उद्यमनगरात वेगळं करून मिळतं, ते तयार रॅकलाही बोल्टनं बसतं. फक्त रॅकचं तोंड नेमकं मोजून न्यावं, कारण तयार रॅकच्या मापात अर्धा-पाऊण इंच इकडं-तिकडं असतोच.